पितरांचा गटिंगला विरोध नसतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

काल दसरा झाला. आज माझ्या खोलीत भिंतीला टेकून सत्तावीस टेनिस रॅकेट उभ्या आहेत. त्यातल्या अकरांच्या मुठीवर हळदकुंकू आहे आणि एकीच्या जाळीत झेंडूची पाकळी अडकलेली आहे. खंडेनवमीला मुलं रॅकेटची पूजा करतात हे मला आवडतं. माझ्या गटिंगच्या मशिनला मीही दरवर्षी हार घालतो आणि त्या दिवशी त्याला कामाला लावत नाही. पण दसऱ्याच्या दुपारपासून माझ्या दारात जी रांग लागते, तिच्याविषयी लिहायला बसलो आहे. प्रत्येकाचं म्हणणं एकच. "काका, परवापासून मॅचेस आहेत, उद्या संध्याकाळपर्यंत द्या ना." एका रॅकेटला पाऊण तास धरला तरी सत्तावीस रॅकेटचे वीस तास होतात. चहा-जेवण वेगळं.

टेनिसशी संबंध नसलेल्या वाचकांसाठी सांगतो. रॅकेटमध्ये जी जाळी असते तिच्या तारेला आम्ही 'गट' म्हणतो आणि ती घालण्याच्या कामाला गटिंग. पूर्वी ती जनावराच्या आतड्याची असायची, त्यावरून हा इंग्रजी शब्द आला. आता बहुतेक तार नायलॉनची किंवा पॉलिस्टरची असते, नाव तेवढं राहिलं. महाराष्ट्रात हल्ली गट म्हटलं की लोकांच्या मनात भलतंच काही येतं, म्हणून हा खुलासा.

मी पुण्यातल्या एका क्लबात अकराव्या वर्षी चेंडू वेचायला लागलो. पुढे अठ्ठावीस वर्षं मार्कर होतो. मार्कर म्हणजे मेंबरांशी खेळणारा पगारी माणूस. मेंबराला बॅकहँड घोटायचा असेल तर बॅकहँडवर चेंडू द्यायचा, आणि जिंकायची लहर असेल तर हरायचं, पण त्याला कळणार नाही असं. नवीन पोरं याला हिटिंग पार्टनर म्हणतात. आता माझं वय एकोणसाठ आहे, गुडघे कुरकुरतात, म्हणून घरीच मशिन टाकून गटिंग करतो.

आता मुद्दा. पितृपक्षाच्या पंधरवड्यात माझ्याकडे एकही रॅकेट येत नाही. एकही म्हणजे खरोखर एकही. नवीन काही घ्यायचं नाही, नवीन काही करायचं नाही, या हिशोबात लोकांनी गटिंगही बसवून टाकलं आहे. एका बाईंना मी विचारलं, तर म्हणाल्या, "अहो, नवीन गट म्हणजे नवीन वस्तूच ना." त्या पंधरा दिवसांत मी मशिनला तेल देतो, क्लॅम्प स्पिरिटने पुसतो आणि रेडिओ ऐकतो. मग घटस्थापनेपासून दोन-चार रॅकेट येऊ लागतात आणि दसऱ्याला धरण फुटतं. पुण्यातला पाऊस साधारण याच सुमाराला आटोपतो, मातीची कोर्टं खुली होतात, ज्युनियरच्या स्पर्धा लागतात. म्हणजे ज्या पंधरा दिवसांत खरी तयारी व्हायला हवी, ते पंधरा दिवस आपण पितरांच्या नावावर घालवतो. माझे वडील भाविक होते, श्राद्ध कधी चुकवलं नाही त्यांनी. पण तुटकी चप्पल ते पितृपक्षातही शिवून घ्यायचे.

खेळणारे घरी बसलेले असतात तेव्हा कोर्ट मात्र तयार होत असतं. आमचा ग्राउंडमन भाद्रपद संपायच्या आतच कामाला लागायचा. पावसाळाभर कोर्टावर शेवाळ आणि गवत माजतं. ते खरवडून वरचा थर काढायचा, चाळलेली लाल माती आणि मुरूम पसरायचा, पाणी मारायचं, रात्रभर मुरू द्यायचं, सकाळी रोलर. पुन्हा माती, पुन्हा पाणी, पुन्हा रोलर. मग वरून सुरखीचा, म्हणजे विटांच्या भुकटीचा, पातळ हात. दहा-बारा दिवस तो कुणालाही आत पाय ठेवू द्यायचा नाही, सेक्रेटरींनासुद्धा नाही. शेवटी नेट बांधलं की मधली उंची टेपने नाही, रॅकेटने मोजायचा. एक रॅकेट उभी धरायची आणि तिच्यावर दुसरीचं डोकं आडवं ठेवायचं. सत्तावीस इंच आणि नऊ इंच, झाले तीन फूट. घाईने उघडलेलं कोर्ट दिवाळीपर्यंत टिकत नाही, जागोजागी पोपडे निघतात, हे तो शाळा न शिकलेला माणूस आम्हाला सांगायचा. खेळणाऱ्याच्या अंगाचंही तेच आहे, पण त्याला बारा दिवस थांबवणारा ग्राउंडमन कुठून आणायचा?

आधी रॅकेटचं सांगतो, कारण माझं पोट तिच्यावर आहे.

लोकांना वाटतं, गट तुटलं नाही म्हणजे चांगलं आहे. मार्चमध्ये घातलेलं, जूनमध्ये रॅकेट कपाटावर गेली, ऑक्टोबरमध्ये खाली काढली, तार शाबूत, चला खेळायला. पण तार ताणून धरलेली असते. पन्नास पाउंड म्हणजे जवळजवळ तेवीस किलोंचा ताण प्रत्येक तारेवर दिलेला असतो, आणि खेळा न खेळा, तो उतरत राहतो. मशिनवरून काढल्यावर पहिल्या दिवसातच काही पाउंड जातात. पावसाळ्यातली दमट हवा आतड्याच्या गटाला तर मारतेच. ओळखायला सोपं आहे. रॅकेटची जाळी तळहाताच्या कडेवर आपटा आणि ऐका. ताजं गट 'टण्' बोलतं. मेलेलं गट 'भद्' करतं, जसा उतरलेला तबला. तबलजी मैफलीच्या आधी हातोडी घेऊन बसतो ना? आमच्याकडे एक जुना ठोकताळा आहे: आठवड्यातून जितके दिवस खेळता, तितक्या वेळा वर्षातून गट बदला. तीन दिवस खेळणाऱ्याने तीनदा. आणि त्यातली एक वेळ पावसाळा संपता संपता, मोसमाच्या तोंडावर.

जुनं गट घरी कापायचं असेल तर मधूनच सुरुवात करा आणि उभ्या-आडव्या तारा मिळून बाहेरच्या बाजूला कापत जा. एकाने नुसत्या उभ्या तारा कापून रॅकेट माझ्याकडे आणली होती. आडव्या तारांनी चौकट अशी ओढली होती की टेबलावर ठेवल्यावर डुगडुगत होती.

आता पॉलिस्टर. या एका गोष्टीसाठी खरं तर हे पत्र आहे.

१९९७ साली गुस्ताव्हो कुएर्तेन नावाच्या ब्राझीलच्या पोराने पॅरिसला फ्रेंच ओपन जिंकली. जागतिक क्रमवारीत तो तेव्हा सहासष्टावा होता. त्याच्या रॅकेटमध्ये पॉलिस्टरची तार होती. जोर लावून मारलं तरी चेंडू फिरकी घेऊन कोर्टात पडायचा. तेव्हापासून मोठ्या खेळाडूंत ही तार पसरली आणि हळूहळू आमच्या गल्लीतही आली. तार कडक असते, दणका पचवत नाही, तो हातात पाठवते. शिवाय लवकर मरते आणि मेली तरी तुटत नाही. माझ्या अनुभवात पंधरा-वीस तासांच्या खेळानंतर ती नुसती काठी असते. व्यावसायिक खेळाडूला त्याचं काही वाटत नाही, कारण तो ती प्रत्येक सामन्याला नवी घालतो. २०१९ साली बालेवाडीला एटीपीच्या, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसच्या, स्पर्धेची अंतिम लढत मी पाहिली. केव्हिन अँडरसन आणि एकोणचाळीस वर्षांचा इव्हो कार्लोविच, दोघेही ताडासारखे, तिन्ही सेट टायब्रेकला गेले. त्या दर्जाचे खेळाडू नवे चेंडू आले की प्लॅस्टिकच्या पिशवीतून नवी रॅकेट काढतात, पहिल्यांदा सात गेमनंतर आणि मग दर नऊ गेमना. त्यांच्या रॅकेटमधलं गट त्या दिवसाचं असतं. आपल्या मुलाच्या रॅकेटमधलं मागच्या मार्चचं.

पाच-सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. बारा वर्षांचा एक मुलगा माझ्याकडे यायचा. डावखुरा, हसरा, ग्रिपवर पेनाने क्रिकेटच्या धावा लिहायची सवय. त्याला मी नायलॉनचं १.३० मिलिमीटरचं गट पन्नास पाउंडावर घालून द्यायचो. चौदा वर्षांखालच्या स्पर्धा सुरू व्हायच्या आठवडाभर आधी वडील त्याला घेऊन आले. सव्वीस इंची रॅकेट जाऊन सत्तावीस इंची मोठ्यांची आली होती. वडिलांनी मोबाइलवर कुण्या विजेत्याच्या रॅकेटची माहिती दाखवली आणि म्हणाले, "पूर्ण पॉली घाला, छप्पन्न पाउंड." मी म्हटलं, साहेब, जरा जास्त होईल. ते म्हणाले, "तुम्ही घाला हो." मी घातलं. गिऱ्हाईक आहे, मशिन माझं आहे, हात माझा नाही.

पावसाळ्याचे चार महिने मुलगा खेळलेला नव्हता. आल्या आल्या रोज दोन तास, वर टोपलीभर चेंडूंची सर्व्हिस वेगळी. नाताळाच्या सुमारास तो एकटाच आला. कोपराखाली पट्टा बांधलेला होता. डॉक्टरांनी तीन महिने खेळ बंद सांगितला होता. मोसम गेला. वडील मला काही बोलले नाहीत, पण त्या मुलाने विचारलं, "काका, तुम्ही माझ्या रॅकेटमध्ये काय घातलं होतं?"

सगळा दोष तारेचा होता असं मी म्हणत नाही. रॅकेट जड होती, खेळ अचानक वाढला होता, वाढीचं वय होतं. पण त्या तिन्हींच्या वर चौथा दगड मी ठेवला, आणि ठेवताना मला माहीत होतं. तेव्हापासून माझ्याकडे नियम आहे. चौदाच्या आतल्या मुलाला पूर्ण पॉलिस्टर मी घालत नाही. फारच हट्ट असेल तर उभ्या तारा पॉलिस्टर, आडव्या नायलॉन, आणि ताण खाली. तरीही पटत नसेल तर पुढच्या चौकात दुसरं दुकान आहे, पत्ता मीच सांगतो. मोसमाच्या सुरुवातीला तर मोठ्यांनाही मी नेहमीपेक्षा दोन पाउंड कमी घ्यायला सांगतो. चेंडू थोडा लांब जाईल, जाऊ दे. दोन आठवड्यांत हात बसला की पुढच्या वेळी वाढवू.

'टेनिस एल्बो' हा शब्द आपल्याकडे घराघरात पोचला तो २००४ साली, सचिनच्या कोपरामुळे. त्याला त्यापायी सामने सोडावे लागले आणि पुढच्या वर्षी शस्त्रक्रिया करावी लागली. तेव्हा सगळा महाराष्ट्र त्याच्या बॅटच्या वजनाची चर्चा करत होता. आपल्या पोराच्या रॅकेटमध्ये काय घातलंय, हे मात्र घरी कुणाला विचारा.

बाकीचं सामान थोडक्यात. माळ्यावरचे बूट उतरवून दोन्ही हातांनी वाकवून बघा. दमट हवेने तळाचा फोमसारखा थर भुसभुशीत होतो आणि बूट नवा दिसत असला तरी पहिल्याच दिवशी तळ सुटतो. कोर्टावर मधोमध तळ हातात घेऊन उभा राहिलेला माणूस मी दरवर्षी एक तरी पाहतो. पळायचे बूट घालून टेनिस खेळू नका, ते पुढे धावण्यासाठी असतात, बाजूला झेप घेतली की घोटा मुडपतो. ग्रिपला बुरशीचा वास येत असेल तर वरची पट्टी बदलून भागणार नाही, आतली मूळ ग्रिपही काढा. हळदकुंकू लावणाऱ्यांना विनंती, ते चौकटीवर लावा. मुठीवर लावलं की पहिल्या घामात चिखल होतो आणि रॅकेट हातातून निसटते. आणि मे महिन्यात उघडलेल्या डब्यातले चेंडू कुत्र्याला द्या. शंभर इंचांवरून सोडलेला चेंडू त्रेपन्न ते अठ्ठावन्न इंच उसळला पाहिजे असा नियम आहे. खांद्याच्या उंचीवरून सोडून कमरेपर्यंतही येत नसेल, तर त्याला पलीकडे पोचवायला तुमचा खांदा जास्तीचं काम करतो.

आता अंगाचं. इथे मी शहाणपण सांगायच्या लायकीचा नाही, हे आधीच कबूल करतो.

गेल्या वर्षी पंचावन्न वर्षांवरच्या दुहेरीत नाव दिलं होतं. जून ते सप्टेंबर मी या मशिनसमोर स्टुलावर बसलेला. पूर्वी रोज सहा तास कोर्टावर असायचो, त्यामुळे अंगाला आपोआप येतं अशी घमेंड. दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी उतरलो. तिसऱ्या गेमला एक ड्रॉप शॉट आला, म्हणजे नेटजवळ हळूच टाकलेला चेंडू, पुढे झेपावलो, आणि उजव्या पोटरीवर कुणीतरी सणसणीत चेंडू मारला. मी रागाने मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. जोडीदार बेसलाइनवर, चेंडू नेटमध्ये. मग पाय टेकवेना. डॉक्टर म्हणाले, पोटरीचा स्नायू फाटला, याला 'टेनिस लेग'च म्हणतात, आणि येणारा प्रत्येक पेशंट हेच सांगतो की मागून कुणीतरी मारलं. आठ आठवडे गेले. ज्या माणसाने चाळीस वर्षं दुसऱ्यांना 'वॉर्मअप करा, वॉर्मअप करा' म्हटलं, त्याची ही कथा.

यंदा मी पितृपक्षाच्या पहिल्या दिवशी सुरुवात केली. जिन्याच्या पायरीवर टाचा बाहेर काढून उभं राहायचं, दोन्ही पायांनी वर, एका पायाने हळू खाली. पहिल्या आठवड्यात दहा, मग पंधरा, मग वीस. शेजाऱ्यांना वाटलं मी नवस फेडतोय. दोरीवरच्या उड्या दोन-दोन मिनिटं. चौकात खडूने दोन रेघा मारून खेकड्यासारखं आडवं पळणं, कारण टेनिसमध्ये सरळ पळायची वेळ थोडी आणि आडवं पळायची जास्त. खांद्यासाठी सायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा खिडकीच्या गजाला बांधला आहे. मनगटासाठी तांदळाचा डबा: कोपरापर्यंत हात खुपसायचा आणि आत मूठ उघडायची-मिटायची. शंभर वेळा करून बघा, खेळ वाटतो, नव्वदाव्याला हात जळायला लागतो. सौ. म्हणाल्या, त्या तांदळाचा भात मी खाणार नाही. रेशनचा तांदूळ वेगळ्या बादलीत काढला, तंटा मिटला.

कोर्टावर उतरल्यावर पहिला आठवडा सर्व्हिस निम्म्या जोराने, वीसच्या वर नाही. ऑक्टोबरचं ऊन कमी लेखू नका. पावसाळ्याच्या गारव्याला सोकावलेलं अंग अकराच्या उन्हात नुसत्या पाण्यावर भागत नाही, पायात गोळे येतात. लिंबू, साखर आणि मीठ घातलेली बाटली बरोबर ठेवा, विकतची रंगीत पाणी लागत नाहीत.

माझ्या वयाचे लोक म्हणतात, आता काय व्हायचंय. त्यांना मी रोहन बोपण्णाचं नाव सांगतो. २०२४ च्या जानेवारीत त्रेचाळिसाव्या वर्षी तो ऑस्ट्रेलियन ओपनची दुहेरी जिंकला. त्याच्या गुडघ्यांतली कूर्चा झिजून गेलेली, आणि त्यानेच सांगितलं आहे की अय्यंगार योगामुळे तो पुन्हा वेदनेशिवाय खेळू लागला. ती विद्या ज्या गावात फुलली, त्या पुण्यात राहून मी साठीला आलो आणि अजून एकदाही त्या योगाच्या वर्गाला गेलो नव्हतो. यंदा जाऊन चौकशी केली.

तर संपादक महाराज, विनंती अशी. हे पत्र आत्ता छापून काही उपयोग नाही, यंदाची रांग लागून चुकली आहे. ते जपून ठेवा आणि पुढच्या वर्षी अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी छापा, गणपती गेलेले असतील, घरं रिकामी रिकामी वाटत असतील, लोक पेपर नीट वाचतील. पंधरवड्यात रॅकेट आणणाऱ्याला मी गटिंगच्या मजुरीत वीस रुपये सूट देईन, हेही त्यात असू द्या.

आता थांबतो. झेंडूची पाकळी असलेली रॅकेट पहिली घेतली आहे. आठ वर्षांच्या मुलीची आहे, तेवीस इंची, आणि सोबत चिठ्ठी आहे: "काका, गुलाबी गट असेल तर गुलाबी."

आपला,
एक निवृत्त मार्कर, पुणे
(त्या मुलाच्या घरच्यांना त्रास नको, म्हणून माझं नाव छापू नये. नाव-पत्ता पाकिटात वेगळ्या कागदावर दिला आहे.)